टोमॅटोच्या बुडाला काळा डाग, मिरचीची पानं आखडलेली: कॅल्शियम कमी पडतंय की मायक्रोन्यूट्रिएंट?

अबोली_रत्नांग्री

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं एकदाच सांगते म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही. आम्ही रत्नागिरीत खाडीच्या जवळ राहतो, अंगण म्हणजे सगळा कातळ, त्यामुळे भाजीपाला गच्चीवर ग्रो बॅगमध्येच. दिवाळीनंतर टोमॅटो लावले, लांबट जातीचे, शिवाय मिरची आणि वांगी. बॅगेत अर्धी आपली तांबडी माती, बाकी कोकोपीट आणि गांडूळखत, वर थोडी निंबोळी पेंड. दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) पाण्यातून देते आणि फुलं लागल्यापासून ०:०:५० पण चालू आहे, दुकानदार म्हणाला त्याने फळ पोसतं.

झाडं दिसायला एकदम जोरात आहेत, पानं काळीभोर हिरवी. पण टोमॅटो लिंबाएवढा झाला की देठाच्या विरुद्ध बाजूला, अगदी बुडाला, आधी पाणी भरल्यासारखा करडा गोल दिसतो, मग तो चपटा होतो, काळा पडतो आणि हाताला चामड्यासारखा लागतो. वास नाही, पाणी सुटत नाही, अळीचं भोक पण नाही. पहिल्या दोन घोसांतले जवळजवळ सगळे गेले. मिरचीचं वेगळंच, शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळून बारीक झालीत. आणि टोमॅटोच्या खालच्या पानांवर शिरा हिरव्या पण मधला भाग पिवळा असं दिसायला लागलंय.

आता सल्ले सगळीकडून येतायत. दुकानदाराने मायक्रोन्यूट्रिएंटची, म्हणजे जस्त, लोह, बोरॉन अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली हातात ठेवली, सासरे म्हणतात पानाचा चुना कालवून घाल, आमच्या गार्डनिंगच्या ग्रुपवर कोणी अंड्याची टरफलं म्हणतं, कोणी ताक, कोणी कॅल्शियमच्या गोळ्या. घरातली लहान मुलं झाडावरूनच तोडून खातात म्हणून वाटेल ते मारायचं नाहीये. नक्की काय कमी आहे आणि आधी काय करू?

पाटाचं_पाणी

अबोलीताई, गुहागरहून लिहितोय. टोमॅटोचं जे वर्णन केलंय ते वाचून दुसरं काही असूच शकत नाही, इंग्रजीत ब्लॉसम एंड रॉट म्हणतात, आपल्याकडे शेतकरी बूड सडणं म्हणतात. हा रोग नाही, बुरशी नाही, त्यामुळे बुरशीनाशक मारून पैसे घालवू नका. फळाच्या बुडाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून तिथल्या पेशी फुटतात.

पण कॅल्शियमचं काहीही आणायच्या आधी मला एक सांगा, पाणी कसं देता? मी बघितलेल्या गच्च्यांवर दहातल्या आठांचं उत्तर पाण्यातच असतं. सकाळी घाईत एक तांब्या, मग दुपारी बॅग तापून माती बाजूने सुटते, संध्याकाळी पान मान टाकून बसलं की आपण बदाबदा ओततो, आणि ते पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली गच्चीवर जातं, मुळाला मिळतच नाही. एकदा बॅगेत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत. वरची इंचभर ओली आणि खाली खडखडीत असेल तर तिथेच उत्तर मिळालं. काळी बॅग असेल आणि पश्चिमेचं ऊन असेल तर आणखी वाईट.

मी काय करतो तर आगरात जशी माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं (वरची जाड सालं) उपडी घालतो तसं बॅगेत पण वरून जाड आच्छादन, सुका पातेरा, भाताचा पेंढा, सोडणं फोडून त्याचे तुकडे, जे मिळेल ते चार बोटं जाड. सकाळी लवकर पाणी खालून गळेपर्यंत, आणि ऊन कडक असेल तर संध्याकाळी परत थोडं. लांबट जातींना हा त्रास जास्त होतो, गोल गावठी आणि चेरी टोमॅटोला कमी, त्यामुळे पुढच्या वेळी जात पण बदलून बघा.

काळी पडलेली फळं झाडावर ठेवू नका, ती सुधारत नाहीत, उगाच झाडाचं बळ खातात. काळा भाग कापून उरलेला टोमॅटो आमटीत घालायला काही हरकत नाही, विषारी वगैरे काही नसतं.

जांभा_आणि_माती

वरचं पाण्याचं शंभर टक्के बरोबर, त्यात थोडी भर घालतो. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलोय आणि सध्या घरची बाग बघतो, मातीचा विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लांब लिहिणार, चालवून घ्या.

कॅल्शियमचा स्वभाव समजला ना की निम्मे सल्ले आपोआप गळून पडतात. कॅल्शियम झाडात फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, मुळातून खोडात, खोडातून पानात, आणि एकदा जिथे जाऊन बसलं तिथून हलत नाही. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही मंडळी जुन्या पानातून उठून नव्या पानाकडे जाऊ शकतात, कॅल्शियम नाही. आणि पाणी कुठे जास्त ओढलं जातं तर पानांकडे, कारण पानातून वाफ होऊन उडतं, टोमॅटोची साल गुळगुळीत, त्यातून जवळजवळ काहीच उडत नाही. म्हणजे पानं आपला वाटा ओढून घेतात आणि फळाचं बूड, जे देठापासून सगळ्यात लांब, ते उपाशी. त्यातही फळ धरल्यापासून पहिले दोन-तीन आठवडे, जेव्हा ते भराभर फुगत असतं, तेव्हा ज्या दिवशी पाणी चुकलं त्या दिवसाची खूण नंतर दिसते. आज दिसणारा डाग आजचा नसतो.

आपल्या किनाऱ्यावर थंडीत बघा, सकाळी जमिनीकडून कोरडे मतलई वारे, पानं त्या वाऱ्यात सपाटून पाणी उडवतात आणि फळाला उरत नाही. गच्चीवर तर वारा अडवायला काहीच नाही. एखादी शेडनेट किंवा झावळ्यांचा आडोसा पूर्वेच्या बाजूला लावला तरी फरक पडतो.

त्यामुळे पानावर कॅल्शियम फवारून फळाला मिळेल ही आशा फार धरू नका, पानावर पडलेलं पानातच राहतं. फवारायचंच असेल तर लहान फळांच्या घोसावर पडलं पाहिजे, तेही मुळाकडून देण्याला पर्याय नव्हे.

आता दुसरी बाजू. ग्रुपवर नेहमी लिहिलेलं असतं की मातीत कॅल्शियम भरपूर असतं, फक्त पाणी नीट द्या. ते देशावरच्या काळ्या मातीला ठीक, तिथे चुनखडीच चुनखडी. आपल्याकडे जांभ्याची माती, वरून अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, चार महिने धुऊन धुऊन कॅल्शियम, मॅग्नेशियम, बोरॉन सगळं ओढ्याला जातं आणि मागे राहतं लोह आणि ॲल्युमिनियम. माती आम्लधर्मी, पीएच साडेपाच-सहाच्या आसपास. विहिरीचं पाणी पण जांभ्यातलं म्हणून मऊ, पाणी तापवायच्या पातेल्याला पुण्यातल्या बोअरच्या पाण्यासारखा पांढरा थर बसत नाही, साबणाला लगेच फेस येतो, हे चांगलं असलं तरी त्याचा अर्थ पाण्यातून पण कॅल्शियम येत नाही. म्हणजे कोकणातल्या बॅगेत कॅल्शियम खरंच कमी असू शकतं.

त्यात कोकोपीट. सोडण मचूळ पाण्यात कुजवलेलं असेल तर त्यात मीठ राहतं, आणि कोकोपीटच्या कणांवर पोटॅश (म्हणजेच पालाश) आणि सोडियम चिकटलेलं असतं, ते ते सोडतं आणि त्या जागी तुम्ही दिलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवतं. म्हणून ब्लॉक भिजवून दोन-तीन पाण्यांनी धुऊन, मग लिटरला २-३ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवून निथळून वापरायचा. ताई, तुमचा नुसता फुगवून वापरला असेल तर पुढच्या हंगामात हे जरूर करा.

आणि वर १९:१९:१९ आणि ०:०:५०. दोन्हीत कॅल्शियम शून्य, मॅग्नेशियम शून्य. ०:०:५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, पोटॅश जास्त झालं की मुळाशी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोघांची वाट अडवतं. खालच्या पानांचं जे वर्णन केलंत, शिरा हिरव्या आणि मधे पिवळं, ती मॅग्नेशियमच्या कमतरतेची खूण. मॅग्नेशियम हलतं, म्हणून झाड ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं आणि जुनं पान पिवळं पडतं. हीच खूण शेंड्याच्या कोवळ्या पानावर दिसली असती तर मी लोह म्हणालो असतो. कमतरता आधी खालच्या पानावर दिसतेय की शेंड्यावर एवढं जरी बघितलं तरी दुकानातल्या निम्म्या बाटल्या आणाव्या लागत नाहीत.

तेव्हा आत्ता, फळं झाडावर असताना: ०:०:५० बंद. १९:१९:१९ निम्मं करा, दोन आठवड्यांतून एकदा. कॅल्शियम नायट्रेट, पाण्यात विरघळणारं, त्यात १५.५ टक्के नत्र आणि १८.८ टक्के कॅल्शियम असतं, ते लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा मुळाशी, आधी साधं पाणी देऊन मग. नत्र त्यातून मिळतं म्हणून दुसरं नत्र कमी करायचं, पानं काळीभोर हिरवी आहेत म्हणताय म्हणजे नत्र आधीच उतू जातंय. आणि एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, पानांवर संध्याकाळी, दहा-पंधरा दिवसांनी परत.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने. कॅल्शियम नायट्रेट आणि एप्सम सॉल्ट एका बादलीत दाट कालवू नका. दोन वाट्यांत दोन्ही वेगवेगळी विरघळवा, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसेल, आणि मग एकात एक ओतून बघा, क्षणात दूध नासल्यासारखं पांढरं होतं आणि तळाला साका बसतो. तो साका म्हणजे जिप्सम, कॅल्शियम सल्फेट. १९:१९:१९ बरोबर पण तेच, त्यातल्या स्फुरदाशी कॅल्शियम बसतं. दिवस वेगळे ठेवा.

मिरचीचं मात्र मला कॅल्शियम वाटत नाही. वर वळलेली वाटी म्हणजे बहुतेक फुलकिडे, खाली वळून पान लांबट झालं असतं तर कोळी कीड म्हटलं असतं. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, पिवळसर धाग्याचे तुकडे चालताना दिसले की झालं. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून, पानाच्या खालच्या बाजूला, चार-पाच दिवसांनी परत. चुरडा-मुरडा व्हायरसचा असेल तर ते झाड काढून टाकलेलं बरं.

कालवं_आणि_तिसऱ्या

मालवणकडून हजेरी. जांभाभाऊंनी सगळं खताच्या पुड्यांवर नेलं पण अहो आपण समुद्राकाठी राहतो, कॅल्शियम आपल्या दारात पडलेलं असतं. तिसऱ्या, कालवं खाल्ली की टरफलं कुठे जातात? उकिरड्यावर. आमच्या आजोबांच्या वेळी ह्याच शिंपल्या भाजून चुना करायचे, घरांच्या भिंतींना तोच आणि पानाला पण तोच. माडाच्या बुंध्यात सुकी मासळीची कुटी आणि राख घालणं तर अजून चालू आहे. राखेत कॅल्शियम आणि पोटॅश दोन्ही असतं.

मी अंड्याची टरफलं आणि शिंपल्या दोन्ही वापरते. पण एक सांगते अबोली, टरफलं हाताने चुरडून वर पसरली तर ती शोभेला. गेल्या वर्षीची बॅग उपटली तेव्हा आत अंड्याच्या टरफलाचे तुकडे जसेच्या तसे होते, आतला पातळ पापुद्रा सुद्धा तसाच. धुऊन, कडकडीत वाळवून मिक्सरमधून मैद्यासारखी पूड केली तर आपल्या आम्ल मातीत ती विरघळते, तीही महिन्या-दोन महिन्यांनी. म्हणून माती भरतानाच मिसळायची. आत्ता डाग पडल्यावर घालून आत्ताच्या टोमॅटोला काही मिळणार नाही. घाई असेल तर पूड व्हिनेगरमध्ये टाका, फसफसतं, फसफसणं थांबलं की वरचं पाणी गाळून घ्यायचं आणि भरपूर पातळ करून मुळाशी द्यायचं, त्यात कॅल्शियम लगेच मिळण्याजोगं असतं.

शिंपल्या घरी कुटायला कठीण जातात, कोंबडी खाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा तयार मिळतो, स्वस्त असतो, त्यातला बारीक चाळून घ्या.

कोळंबीची सालं पण टाकू नका, कंपोस्टमध्ये खोल पुरा, मांजरं उकरतात तेवढं सांभाळा.

ताक आणि दूध मात्र मुलांना द्या. लिटरभर दुधात जेमतेम सव्वा ग्रॅम कॅल्शियम, ते पातळ करून झाडाला घालून काय होणार, वर मुंग्या. गोळ्यांचं पण तसंच, एका गोळीत अर्धा ग्रॅम कॅल्शियम आणि किंमत बघा.

अबोली_रत्नांग्री

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. पाटाचं_पाणी दादा, बोट घालून बघितलं, तुम्ही म्हणालात तसंच आहे, वर ओलं आणि खाली कोकोपीट पूर्ण सुकं. आता भावाकडून पेंढा मागवलाय.

कागदावर मिरचीचा शेंडा झटकला, बारीक पिवळे किडे आहेतच, तेव्हा तो प्रश्न मिटला, निंबोळी तेल चालू करते.

आता तीन शंका. एक, सासऱ्यांचा चुना. ते म्हणतात त्यांच्या वडिलांनी वालाला आणि वांग्याला चुना घातलेला त्यांनी पाहिलाय आणि पीक चांगलं यायचं, मला ते उडवून लावायचं नाहीये. दोन, आमच्या शेतातल्या मातीची आरोग्य पत्रिका (सरकारी माती तपासणीचा अहवाल) आहे, हीच माती बॅगेत आणलीय, त्यात पीएच ५.६ आहे पण कॅल्शियमचा रकानाच सापडत नाही, आमची अर्धवट दिलीय का? तीन, ती मायक्रोन्यूट्रिएंटची बाटली फोडू की परत करू?

जांभा_आणि_माती

पत्रिका पूर्ण आहे ताई. माती आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये सुरू झाली, त्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, आणि पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात नाहीतच. कोकणासारख्या धुपलेल्या मातीसाठी हे दोनच आकडे सगळ्यात कामाचे आणि नेमके तेच नसतात, मला ह्याची खरंच खंत वाटते. प्रयोगशाळेत वेगळं सांगून विनिमयक्षम, म्हणजे मुळाला मिळण्याजोगं कॅल्शियम-मॅग्नेशियम तपासून मिळतं का विचारा. तोवर पीएच ५.६ हाच पुरेसा इशारा आहे, इतक्या आम्ल मातीत चुनखडी द्यायलाच हवी.

सासऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ते पेरणीआधीचं काम. जुन्या लोकांनी चुना घातला तो माती मोकळी असताना, पावसाआधी किंवा लावणीच्या आधी दोन-तीन आठवडे. पानाचा चुना म्हणजे विरलेला चुना, फार जहाल, पाण्यात कालवला तर पीएच बाराच्या वर जातो. फळावर आलेल्या झाडाच्या मुळाशी कालवून ओतला तर कोवळी मुळं भाजतात, आणि शेणखत किंवा युरियाबरोबर पडला तर अमोनिया होऊन नत्र उडून जातं, तो डोळ्याला झोंबणारा वास येतो ना तोच. त्यांना द्यायचाच असेल तर चुन्याची निवळी, म्हणजे चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं, त्या पाण्यात लिटरला दीडएक ग्रॅमच चुना विरघळतो, ते दहापट पातळ करून क्वचित एखाद्या वेळी मुळाशी. पानावर अजिबात नाही.

पुढच्या वेळी बॅग भरताना मिश्रणाच्या लिटरला दोन-तीन ग्रॅम डोलोमाइट (चुनखडीसारख्या दगडाची पूड) मिसळा, त्यात कॅल्शियम वीस-एकवीस आणि मॅग्नेशियम बारा-तेरा टक्के असतं, दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. हळू विरघळतं म्हणून मुळाला जाळत नाही. आत्ता चालू हंगामात मात्र जिप्सम, बॅगेला दोन चमचे वरच्या मातीत खुरपून, ते पीएच हलवत नाही आणि चुन्यापेक्षा लवकर विरघळतं, कॅल्शियम २३ टक्क्यांपर्यंत असतं.

चुना चांगला म्हणून ओतत पण जाऊ नका. पीएच सातच्या वर गेला की लोह, जस्त, मँगनीज, बोरॉन सगळी मातीत असूनही मुळाला मिळेनाशी होतात आणि मग शेंडा पिवळा पडतो. गच्चीवरच्या बॅगेत हे शेतापेक्षा फार लवकर होतं, माती असते किती.

बाटलीबद्दल. लेबल वाचा. महाराष्ट्रात ग्रेड १ जमिनीतून द्यायचं आणि ग्रेड २ फवारायचं असं असतं, जमिनीचं फवारलं तर पानं करपतात. तुमच्या मातीत लोह आणि मँगनीज भरपूर, आम्ल माती ते सैलच सोडते, त्यामुळे लोहाची पुडी आपल्याकडे सहसा लागतच नाही. कमी पडू शकतं ते जस्त आणि बोरॉन, फ्लॉवर लावलात तर मॉलिब्डेनम, कारण ते एकटंच असं आहे की आम्ल मातीत अडकून बसतं, चुनखडी दिली की सुटतं. पत्रिकेत जस्त, बोरॉनसमोर काय लिहिलंय ते कळवा. कमी असेल तर फुलं लागताना एकदा फवारा, नसेल तर बाटली परत.

वेंगुर्ल्याची_माई

बोरॉनवरून लिहावंसं वाटलं. आमच्या परसात पपईचं झाड होतं, फळं अशी खडबडीत, फोडं आल्यासारखी, गाठी गाठी, आणि सालीवर चिकाचे थेंब वाळलेले. शेजारी म्हणाले व्हायरस, तोडा. तालुक्याच्या कृषी सहायकांना दाखवलं तर त्यांनी बोरॉन म्हटलं, बोरॅक्स दिला आणि पुढची फळं सरळ आली. पपई हे बोरॉनचं अगदी बोलकं झाड आहे, ज्यांच्या परसात असेल त्यांनी तिच्या फळाकडे बघावं, तीच माती भाजीला पण असते. माडाच्या नव्या झावळीची पाती टोकाला हूकसारखी वाकडी येतात ते पण बोरॉनच.

पण अबोली, बोरॉनला फार जपून हं बाळा. पुरेसं आणि जास्त ह्यात अंतर अगदी थोडं असतं. बॅगेत चमचा-चमचा टाकलंस तर पानांच्या कडा जळून जातात आणि मग काढून घेता येत नाही. बोरिक ॲसिड असेल तर लिटरला एक ग्रॅमच्या वर नाही, तेही फुलोऱ्याच्या आधी एकदा, वजनकाट्यावर मोजून, अंदाजाने नाही. मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेव. आणि बोरॉन कमी असेल तर कॅल्शियम पण नीट कामी येत नाही, दोघं पेशीच्या भिंती बांधायला लागतात, म्हणून काही लोक दोन्ही एकत्र विकतात.

तांबं मात्र घालायला नको. सुपारीला कोळेरोगासाठी पावसात बोर्डो मिश्रण मारतात, एक किलो मोरचूद (त्यात तांबं असतं), एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, वर्षानुवर्षं ते जमिनीत पडत आलंय. तुझी माती सुपारीच्या वाडीतली असेल तर तांब्याची कमतरता विसर.

खारं वारं आलं की गच्चीवरच्या पानांच्या कडा तपकिरी होतात, ते पण लोक कमतरता समजतात. समुद्राकडून जोराचं वारं येऊन गेलं की संध्याकाळी पानांवरून साधं पाणी मारायचं, मीठ धुऊन जातं.

अबोली_रत्नांग्री

माई, नमस्कार आणि धन्यवाद. पत्रिकेत जस्त पुरेसं आणि बोरॉन कमी असं आहे. म्हणजे बाटली परत आणि बोरॉन एकदाच, मोजून, बरोबर ना? सासऱ्यांना डोलोमाइटचं सांगितलं, ते खूश आहेत, म्हणतात मे महिन्यात मीच कालवून देतो.

अजून एक, पाण्याचं कोणी विचारलं नाही म्हणून सांगते. विहिरीचं पाणी फेब्रुवारीपासून जरा मचूळ लागायला लागतं, खाडी जवळ आहे. शेजाऱ्यांकडे टीडीएस मीटर आहे, नळाचं पाणी १०० च्या आत येतं आणि विहिरीचं हल्ली ९०० च्या वर. टीडीएस जास्त म्हणजे कॅल्शियम जास्त, मग चांगलंच की, असं शेजारी म्हणाले. खरं का?

जांभा_आणि_माती

नाही नाही, हे आधी सांगायला हवं होतंत! टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार मोजतो, कुठले ते नाही. पुण्यातल्या बोअरला ९०० आलं तर त्यात चुनखडीचा वाटा मोठा असेल, खाडीजवळच्या विहिरीला ९०० म्हणजे बहुतेक साधं मीठ, सोडियम. खारट पाण्यातून मुळाला पाणी ओढायला जड जातं, आणि सोडियम कॅल्शियमची जागा अडवतं. बूड सडायला दोन्ही कारणं पुरेशी. बोरॉनचं बरोबर समजलात.

पाटाचं_पाणी

मग आता मधला मार्ग. टोमॅटो आणि मिरचीला नळाचं पाणी, कमी पडत असेल तर अर्धं नळाचं अर्धं विहिरीचं मिसळून, पण घेवड्याला मिसळून पण नको, तो मिठाला सगळ्यात नाजूक. जांभाभाऊंनी सांगितलेलं जिप्सम ह्यासाठी पण चांगलं, खारजमिनीत पण सोडियम हाकलायला तेच घालतात, कॅल्शियम आत बसतं आणि सोडियम सुटतं, पण सुटलेलं बाहेर जायला हवं. म्हणून जिप्सम खुरपून दोन दिवसांनी नळाचं पाणी एकदा भरपूर द्या, बॅगेच्या खालून बादलीभर गळेपर्यंत, आणि गळलेलं पाणी ताटलीत साठू देऊ नका. त्या गळलेल्या पाण्यात शेजाऱ्यांचा मीटर बुडवून बघा, पहिल्या तांब्याला आणि शेवटच्या तांब्याला. आकडा उतरला की थांबा, मग त्याच दिवशी संध्याकाळी कॅल्शियम नायट्रेट.

विहिरीचं पाणी वाया नका घालवू, खाली माड असतील तर त्यांना सोडा, माडाला एवढं मचूळ पाणी सहज चालतं.